कागद खिशात, पाणी पाटात

२ जुलै २००१, सोमवार

ही वही एका बियाणे कंपनीची आहे. जानेवारीत आबांना कुणीतरी दिली होती, ती त्यांनी माझ्यासाठी जपून ठेवली. प्रत्येक पानावर तारीख-वार आणि कडेला 'आजची कामे' असं छापलंय आणि त्याखाली पेरणी, खत, फवारणी, पाणी असे चौकोन आहेत. मी पेनानं आणखी एक चौकोन काढला, 'नोकरी' असं लिहिलं आणि त्यात बरोबरची खूण केली.

मी, संघप्रिया अण्णासो कांबळे, मुक्काम गडमुडशिंगी, आजपासून सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. आमच्या घरात आबा सातवीपर्यंत शिकले आणि आई शाळेतच गेली नाही, त्यामुळे इंजिनियर म्हणजे नेमकं काय करायचं हे मला विचारायला कुणी नाही. मीच शोधून काढीन.

ऑफिस राजारामपुरीत सातव्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर आहे. दोन खोल्या, तीन कम्प्युटर आणि एक प्रिंटर. प्रिंटर सुरू झाला की सगळ्यांनी बोलणं थांबवायचं, कारण काही ऐकूच येत नाही. मालक यशराज सर पुण्याची नोकरी सोडून इथे आलेत. म्हणाले, "इथं चहाला वेगळा माणूस नाही, आळीपाळीनं आणायचा. आज मी." पहिल्याच दिवशी मालकानं आणलेला चहा प्याले. वर्गातली बाकीची मंडळी पुणे-बंगलोरच्या फोनची वाट बघत घरी बसलीत. आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांच्या कामाचं काहीतरी करायचं, असं मी ठरवलंय.

अट इथेही लिहून ठेवते. वर्षभर तात्पुरती नेमणूक आहे. वर्षानं सरांनी कायम केलं तर ठीक, नाहीतर जयसिंगपूरच्या एका शाळेत क्लार्कची जागा आहे, तिचा फॉर्म भरायचा. फॉर्म आबांनीच आणलाय. ट्रंकेत पिवळ्या पाकिटात आहे आणि आईचा सगळा जीव त्या पाकिटात आहे. "शाळंची नोकरी म्हंजे सावली," ती म्हणते. मी ते पाकीट उघडलेलं नाही, उघडायचंही नाही.

सकाळी आबा सायकलवरून स्टॉपपर्यंत सोडायला आले. गाडी आली तसा सवयीनं तिचा नंबर मोठ्यानं वाचला. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर आहेत. गाड्यांचे नंबर त्यांना पै-पाहुण्यांच्या नावांसारखे पाठ असतात.

१९ जुलै, गुरुवार

डब्यातली लसणाची चटणी फ्लॉपीला लागली. दोन दिवसांचं काम त्या फ्लॉपीवर होतं. सरांनी फ्लॉपी हुंगली आणि म्हणाले, "कांबळे, डेटा तिखट झालाय." पुन्हा सगळं लिहिलं. दुसऱ्यांदा जास्त चांगलं झालं, हे मात्र कुणाला सांगितलं नाही.

१८ ऑगस्ट, शनिवार

मोठं काम आलं आणि सरांनी ते माझ्याकडे दिलं!

कागलच्या अलीकडे हरळवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्यांची पाणीपुरवठा संस्था आहे. नदीवर मोटारी, तिथून पाइपलाइन, रानात ठिकठिकाणी आठ चेंबर. चेंबरची चावी फिरवली की पाणी पाटात आणि पाटातून ज्याच्या त्याच्या शेतात. एकशे चाळीस सभासद. पाणी कुणाला कधी आणि किती तास द्यायचं, ही पाळी ठरवतो पाटकरी पिराजी. सतरा वर्षं हेच काम करतोय आणि एक अक्षर कुठे लिहिलेलं नाही. सगळं त्याच्या डोक्यात!

चेअरमन सयाजीदादा ऑफिसात आले होते. आवाज असा, की खालचा झेरॉक्सवाला वर बघायला आला. "सगळे वराडत्यात की मला कमी, त्याला जास्त. तुमच्या मशीनीतनं कागुद काढा. कागदाशी कोण भांडतंय?" मग माझ्याकडे वळून नाव विचारलं, आडनाव विचारलं. सांगितलं. "बरं बरं," म्हणाले आणि पुढचं सरांशी बोलले.

मी तक्रारवही चाळली. एका सभासदानं लिहिलंय, "बायडाबाईस वीस गुंठ्यास तीन तास आणि मला चाळीस गुंठ्यास चार तास. हा न्याय आहे काय?" मी हिशेब केला. खरंच, हा कसला न्याय? एका माणसाच्या मर्जीवर एकशे चाळीस घरं. रात्री जेवताना आबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या पाटकऱ्याला इचारलंस का?" मी म्हटलं, ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्यालाच कसं विचारायचं? आबा भाकरी मोडत राहिले.

सर म्हणाले, एक हंगाम चाचणी. जमलं तर शेजारच्या आणखी पाच संस्था घेतील. नाही जमलं तर त्यांनाही पुण्याची जुनी नोकरी परत शोधावी लागेल. हसत म्हणाले, पण पेनाचं टोपण चावत होते.

६ ऑक्टोबर, शनिवार

हरळवाडीला जाऊन आले. संस्थेच्या ऑफिसात बसून सभासदांची वही उतरवून घेतली. गट नंबर, नाव, गुंठे. पिराजीही तिथेच होता. साठीचा असेल. गुडघ्यापर्यंत चिखल वाळलेला आणि कमरेला चाव्यांचा जुडगा.

"काय वो म्याडम, पाणी आता कम्प्युटरमधनं येणार म्हणं?"

"पाणी नदीतूनच येणार. पाळी कम्प्युटरमधून."

"मग बरं हाय. मला वाटलं तारंतनं येतंय." सगळे हसले, मीसुद्धा.

त्याला राग आलेला दिसला नाही. किटलीतला चहा त्यानं आधी माझ्या बशीत ओतला, उरलेला आपल्या. घरची चौकशी केली. काय कोण जाणे, मी त्याला सगळंच सांगितलं: पहिलीच नोकरी, वर्षाची अट, हे काम जमलं नाही तर पिवळं पाकीट. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "क्लार्क म्हंजे दिसभर खुर्चीतच की." आणि मग, "चला, रान बघायला येताय? पाट दावतो."

मला सव्वाचारची गाडी धरायची होती आणि सगळी माहिती वहीत मिळालीच होती. म्हटलं, पुन्हा कधीतरी.

१४ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळी. सुट्टी असूनही प्रोग्रॅमचाच विचार. पाळीचा क्रम कसा लावायचा यावर आठवडाभर अडले होते. नावांच्या अक्षरांनी लावावा तर 'अ' वाल्यांची कायमची चंगळ. शेवटी गट नंबर घेतला. एक, दोन, तीन, चार. कुणाचा वशिला नाही, कुणाची जात-पात नाही, सरकारी नंबर. आणि प्रत्येक गुंठ्याला सारखीच मिनिटं. इतकं साधं आणि स्वच्छ झालंय की मला स्वतःचाच अभिमान वाटला. लगेच मनात आलं, अभिमान वाटणं बरं नव्हे.

आई शेजारणीला सांगत होती, "आमची पाण्याचं मशीन करतीया." शेजारीण म्हणाली, "मग आमच्या नळाला बी एक बसव की."

३ डिसेंबर, सोमवार

पहिली यादी लागली! चार पानी. एक प्रत फळ्यावर चिकटवली आणि एक पिराजीच्या हातात दिली. ज्याचं पाणी झालं त्याच्यापुढे खूण करायची, असं समजावलं. त्याला अंक वाचता येतात, नावंही सावकाश लागतात. यादी त्यानं बराच वेळ बघितली. एका ओळीवर बोट ठेवलं, मग पुढच्या ओळीवर, मग डोकं वर करून रानाकडे बघितलं.

"काही चुकलंय का?" मी विचारलं.

"छ्या. अक्षर लई झ्याक हाय." आणि घडी घालून खिशात ठेवली.

२६ डिसेंबर, बुधवार

पहिली पाळी पूर्ण. एकही तक्रार नाही! तक्रारवहीचं पान कोरं. सयाजीदादांनी ऑफिसात पेढे पाठवले.

पिराजीनं यादी परत आणून दिली. मला वाटलं होतं चिखलानं माखलेली असेल, तर अगदी नवी कोरी. एकशे चाळीस खुणा, सगळ्या एकाच पेनानं, एकाच उंचीच्या, ओळीनं. इतका नीटनेटका माणूस असेल असं वाटलं नव्हतं. सरांना दाखवली. ते म्हणाले, "हा तर आपल्यापेक्षा शिस्तीचा."

आपण माणसाला योग्य साधन दिलं की त्याची शिस्त आपोआप बाहेर येते, असं मला आज फार वाटलं.

१७ जानेवारी २००२, गुरुवार

वही डिसेंबरला संपली, म्हणून सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर आले. छापलेला वार बुधवार आहे, तो खोडून गुरुवार केला.

दुसरी पाळीही छान. बायडाबाई रस्त्यात भेटली. तिचं रान शेवटच्या चेंबरखाली, सगळ्यात टोकाला. म्हटलं, "मावशी, कागदामुळं त्रास नाही ना? तुमचे तास जरा कमी झालेत." ती म्हणाली, "कमी कुठं? पिराजी देतोय की आपला." हिला घड्याळ कळत नसणार.

२० फेब्रुवारी, बुधवार

सयाजीदादांनी मोटारसायकल थांबवून माझं कौतुक केलं. "लई भारी काम केलंस पोरी. आता पुढल्या सालाला पाटकरी कशाला पायजे? कागुद हाय. चाव्या कोण बी फिरवंल." मार्चअखेरच्या सभेत तसा ठराव आणणार आहेत.

घरी येईपर्यंत आनंदात होते. मग पिराजीनं ओतलेली चहाची बशी आठवली. पण एका माणसाच्या मर्जीवर गाव चालू नये, हेच तर आपल्याला हवं होतं. मग इतकं जड का वाटतंय? आईनं विचारलं, बरं नाही का? म्हटलं, डोकं दुखतंय. आईनं विषय काढलाच, "ते पाकीट हाय न्हवं वो?" आबा सायकल पुसत म्हणाले, "हाय की ट्रंकंत. वरीस हू दे."

१४ मार्च, गुरुवार

पिराजी नदीवरच्या पायऱ्यांवरून घसरला. पाय मोडलाय, प्लास्टर घातलंय. त्याच्या जागी पुतण्या अतुल चाव्या सांभाळणार. अतुल बारावी पास आहे. यादी त्यानं काळजीपूर्वक वाचली आणि मला तीन शंका विचारल्या. पिराजीबद्दल वाईट वाटलं, पण खरं सांगते, आता यादी आणखी काटेकोर पाळली जाईल असंही मनात आलं.

२५ मार्च, सोमवार

सगळं कोसळलं.

सकाळपासून ऑफिसात फोन. निम्म्या गावाला पाणी पोचलेलं नाही आणि वरच्या अंगाला दोघांच्या शेतात तळं झालंय. अकराच्या सुमाराला बायडाबाई स्वतः आली. हरळवाडीहून राजारामपुरीपर्यंत, पिशवी घेऊन. पिशवीतून वांग्याचं एक झाड काढून माझ्या कीबोर्डवर ठेवलं. मान टाकलेलं, मुळाला खडखडीत माती.

"हे बघ. तीन म्हयने जगीवलं, चार दिसांत मारलंस."

"मावशी, अतुलनं चुकीचं केलं असणार."

"त्यानं काय केलं न्हाय. तो तुझा कागुद हातात धरून पळतूया बिचारा. पोरगं वाळलं माझ्या वांग्यावाणी."

ती गेल्यावर सर म्हणाले, "चार पाळ्या यादीवर नीट चालल्या. यादी तीच आहे, माणूस बदलला. म्हणजे चूक माणसाची. रविवारी सभेत हेच सांगायचं." मलाही तेच पटलं. झाड टाकून द्यायला मात्र हात धजला नाही. डब्यात पाणी घालून खिडकीत ठेवलंय.

२६ मार्च, मंगळवार

आज मी पहिल्यांदा रान बघितलं. सहा महिन्यांनी.

अतुल यादी घेऊन पुढे आणि मी मागे. यादीत गट बारानंतर तेरा येतो. बाराचं पाणी बंद केलं आणि तेराकडे निघालो. चालतोय, चालतोय. ओढा ओलांडला, चढ उतरलो. वीस मिनिटं! गट बारा दुसऱ्या चेंबरवर आणि तेरा सातव्या. "आणि चौदा?" मी विचारलं. अतुलनं मागे बोट दाखवलं. चौदा पुन्हा दुसऱ्याला.

"दर वक्ताला कोरडा पाट भिजवायचा, म्याडम. त्यातच तास जातोय. टोकाला पाणी पोचतंय तवर कागदातला टाइम संपला. कागदात हाय तसं मी बंद केलं." त्याचे डोळे लाल झाले होते. "मी काय चुकलो, ते तरी सांगा."

काही चुकला नव्हता. बायडाबाईचं रान माळाचं, खडकाळ. घोटभर पाणी पिऊन लगेच तहानलेलं. तिच्या तीन तासांतला एक तास तर पाटच पितो. म्हणून तीन तास.

मग आधी तीन महिने कसं चाललं?

पिराजीच्या अंगणात गेले. तो बाजेवर, प्लास्टरचा पाय उशीवर, शेंगा सोलत होता.

"पिराजीमामा, तुम्ही माझ्या यादीप्रमाणं पाणी देत होता ना?"

त्यानं शेंग तोंडात टाकली. "तुझा कागुद खिशात हुता. पाणी पाटात हुतं."

"आणि खुणा?"

"त्या पाळी संपली की एका बैठकीत करत हुतो. पोरीचा पेन घिऊन. फळ्यावरचं कोण वाचतंय, कागदात असंच हाय म्हटलं की गप बसत हुते."

मी पायरीवर बसले. म्हटलं, "मला सांगितलं का नाही?"

"सांगून? सयाजीदादानं तुझा कागुद फाडला असता. तू म्हणालतीस न्हवं, न्हाय जमलं तर ते पाकीट. ध्यानात हुतं माझ्या."

"पण माझी यादी चालतेय म्हणून तुम्हालाच काढायला निघालेत!"

"ते बी कळलंय," तो म्हणाला आणि चक्क हसायला लागला. "अगं, काढून जात्यात कुठं? आठ दिसांत बोलवायला आलं असतं. मी बाजंवर बसून बगत बसणार हुतो, कोण कोण येतंय ते. पाय मोडला म्हणून मजा हुकली."

निघताना त्यानं मूठभर शेंगा दिल्या. गाडीत त्या खाताना मी रडत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "खवट लागल्या काय गं?"

२८ मार्च, गुरुवार

सरांना सगळं सांगितलं. ते खिडकीतल्या वांग्याच्या झाडाकडे वळले. मग म्हणाले, "सभेत हे सांगितलंस तर आपली चाचणी फेल. पाच संस्था गेल्या. तुझं कायम होणं तर सोड, मीच कायम राहीन का शंका आहे. यादी दुरुस्त कर, गुपचूप बदल. कुणाला कळणार नाही."

यादी गुपचूप बदलता येईल. पण मग अतुलनं पाणी चुकवलं असंच गावात राहील, आणि पिराजीला काढायचा ठराव होईल, माझ्या यादीचा दाखला देऊन.

आबांना विचारलं. ते म्हणाले, "वर्कशॉपात नट एकानं ढिला सोडला आन् नाव दुसऱ्याचं लागलं, तर मी जेवत न्हाय दोन दीस. तुझं तू बघ." आई म्हणाली, "सांगू नगं काय बी. नोकरी जाईल." मग थोड्या वेळानं भांडी घासता घासता म्हणाली, "त्या बाईची वांगी समदीच गेली व्हय गं?"

३१ मार्च, रविवार

सभा. देवळाच्या मंडपात सत्तर-ऐंशी माणसं. पिराजीला खुर्चीसकट उचलून आणला होता. अतुल खांबाआड. सर माझ्याशेजारी, वरच्या पंख्याकडे बघत. पंखा बंद होता.

सयाजीदादांनी सुरुवातच अतुलवर ठपका ठेवून केली. मी उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली. म्हटलं, "अतुलनं माझी यादी तंतोतंत पाळली. म्हणूनच पाणी पोचलं नाही. यादी चुकीची आहे. मी गट नंबरानं लावली आणि पाणी गट नंबर वाचत नाही. मी रान न बघता यादी केली. आधीच्या चार पाळ्या यादीवर चालल्याच नाहीत. त्या पिराजीमामांनी चालवल्या, आणि खुणा करून मला सांभाळून घेतलं."

बाहेर कुणाचं तरी रेडकू ओरडलं.

सयाजीदादा सावकाश म्हणाले, "म्हंजे तीन म्हयने आमी कम्प्युटरचं कौतुक करत हुतो, ते पिराजीचं हुतं व्हय?"

"हो."

"आन् मी पेढे वाटले!"

मागून कुणीतरी ओरडलं, "दादा, मग प्लास्टर कम्प्युटरला घालायचं हुतं की!" आणि मंडप हसून फुटला. सयाजीदादाही हसले, आधी जबरदस्तीनं, मग खरंच.

बायडाबाई उठली. "पोरगी खरं बोलली. आमच्यातलं कोण बोललं असतं? नळी फुटली तर चार दीस एकमेकाकडं बोट दावताय." मग माझ्याकडे वळून, "पण वांगी माझी मेलीच, ते मी इसरणार न्हाय."

सयाजीदादांनी पिराजीला विचारलं, "तुझं काय म्हननं?"

"माझं म्हननं, हिला टराक्टर द्या," पिराजी म्हणाला. "मी दावतो, ती लिवंल. मी काय जन्मभर ऱ्हातोय व्हय? डोसक्यातलं कुठंतरी उतराय पायजे."

पुढच्या पाळीपर्यंत मुदत मिळाली. पिराजीनं 'बरोबर' म्हटलं तर यादी राहील, नाहीतर फाडायची. परत येताना सरांनी एसटीत माझंही तिकीट काढलं. मग म्हणाले, "मी असतो तर बोललो नसतो." एवढंच.

६ एप्रिल, शनिवार

आयुष्यातला सगळ्यात मजेचा दिवस. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत पिराजी, प्लास्टरचा पाय पुढे तोफेसारखा, हातात काठी. अतुल ड्रायव्हर. मी वही घेऊन ट्रॉलीच्या कडेला. दर बांधावर पिराजी काठी रोखून ओरडायचा: "लिव! काळं रान, पाणी धरतंय, गुंठ्याला पाच मिंटं!" "लिव! माळ, नऊ मिंटं!" "हितं उंदरांची बिळं, पाट फुटतोय, धा मिंटं जादा!"

"उंदीर कम्प्युटरमध्ये कसे घालायचे?"

"ते तू बग. इंजिनेर तू हायस."

पाणी चेंबरवरून सरळ खाली जायचं, वाटेतला पाट भिजवत. मागं फिरवायचं नाही. सतरा वर्षांत त्यानं हे कुणाला सांगितलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणाला, "कुणी इचारलंच न्हाय." मला आबांचा ऑगस्टमधला प्रश्न आठवला.

२३ एप्रिल, मंगळवार

नवी यादी. पिराजीनं बाजेवर पसरून तासभर वाचली. दोन चुका काढल्या, त्यातली एक त्याचीच निघाली. दोन बांध त्यानं उलटसुलट सांगितले होते. माझी चूक असती तर इतका आनंद झाला नसता त्याला. "बगा, माझं बी चुकतंय!" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता.

पाळी सुरू झाली. बायडाबाईच्या टोकाला पाणी पोचलं तेव्हा मी तिथेच उभी होते. तिनं नवीन रोपं लावली आहेत.

२० मे, सोमवार

यादीचा एक उपयोग माझ्याही लक्षात आला नव्हता. वीज गेली की सगळ्यांच्या वेळा पुढे सरकतात, आणि पूर्वी अख्खं गाव पिराजीच्या दारात यायचं. आता संस्थेनं ऑफिसात घेतलेल्या कम्प्युटरवर वीज किती तास गेली ते टाकलं की नवी यादी निघते. पिराजी काठी टेकत चालायला लागलाय. म्हणाला, "पयल्यांदा दुपारची झोप लागली बग सतरा वर्सांत. बायकू म्हणती, मेला का काय."

सरांनी प्रोग्रॅम तपासला. "हा रकाना कसला? 'पिराजी क्रम'?" मी म्हटलं, त्याला दुसरं नाव सुचलं नाही. त्यांनी तसाच ठेवला.

१ जुलै, सोमवार

आज सरांनी टाइप केलेलं पत्र दिलं. मी कायम झाले. पाचांपैकी दोन संस्थांनी होकार कळवलाय, त्यांची एकच अट आहे: "ती ट्रॉलीतली पोरगी पाठवा." चहा आणायची पाळी माझी होती, तरी सरच गेले.

हरळवाडीहून अतुल पिशवी देऊन गेला. वांगी. वर चिठ्ठी नाही, पण कुणाची ते कळलं. पहिला तोडा असणार.

घरी पत्र वाचून दाखवलं. आईनं दोनदा वाचायला लावलं, मग पत्रावर हळद लागेल म्हणून लांबूनच बघितलं. मी म्हटलं, आता तो फॉर्म टाकून देऊ या. ट्रंक उघडून पिवळं पाकीट काढलं, पहिल्यांदाच. फॉर्म कोरा. खाली छापलंय: अर्ज पोचण्याची शेवटची तारीख ३० जून २००१.

म्हणजे मी नोकरीला लागले त्याच्या दोन दिवस आधीच मुदत संपलेली! वर्षभर मी ज्याला घाबरले ते पाकीट रिकामंच होतं म्हणायचं. आबांना दाखवलं, तर ते चष्मा शोधत म्हणाले, "व्हय की. तारीख बघायची ऱ्हाऊनच गेली बग." आईला मी काही सांगितलं नाही, उगाच त्यांना बोलेल.

आबांचं वय होत चाललंय. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं, आणि विसरण्याचंही विचारायला हवं. जेवताना मी म्हटलं, वर्ष कसं गेलं कळलंच नाही. तर म्हणाले, "कसं कळंना? पयल्या दिशी सात वाजून धा मिंटांनी बसलीस. एकवीस सत्तेचाळीस नंबरची गाडी. डाव्या बाजूला, खिडकीला."

उद्याच्या पानावर मागच्या वर्षीचं लिहिलेलं आहे, त्यामुळे ही वही इथे थांबते. आईनं वांगी चिरायला घेतली आहेत. कडेच्या चौकोनांत आज 'पाणी' वर खूण केली.